विसरण्याची वेळ

रात्री तीन वाजून दहा मिनिटांनी आमचा सर्व्हर बंद पडायचा आणि काही सेकंदांत पुन्हा उभा राहायचा. बंद पडायचा म्हणजे आम्हीच त्याला पाडायचो. ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या क्रॉनमध्ये तशी एक ओळ होती आणि तिच्या डोक्यावर कॉमेंट होती, ‘तात्पुरतं. कारण सापडलं की काढणे.’ कॉमेंट माझीच. चार वर्षांनी टीममध्ये नव्याने आलेल्या एका मुलाने विचारलं, “ही ओळ कशासाठी आहे?” मी म्हटलं, “राहू दे, तिला हात लावू नकोस.” तो बरं म्हणून गेला. मला मात्र त्या दिवशी दुसरं काम सुचेना. कशासाठी आहे हे मलाही धड माहीत नव्हतं. मेमरी वाढते म्हणून रीस्टार्ट करतो, एवढंच. का वाढते, ते चार वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

मी मुळात पीएचपीवाली, म्हणजे सर्व्हरवर वेबची पानं बनवणाऱ्या त्या भाषेतली. एकाच फाइलमध्ये वर डेटाबेसची क्वेरी, खाली एचटीएमएल, मध्येच लूप, अशा पानांवर मी हे काम शिकले. रासमुस लेरडॉर्फने १९९४ मध्ये स्वतःच्या पानासाठी लिहिलेली ही हत्यारं १९९५ मध्ये सगळ्यांना खुली केली, तेव्हा त्यांचं नाव ‘पर्सनल होम पेज टूल्स’ असंच होतं. पानात डेटा भरणं हाच या भाषेचा जन्मापासूनचा धंदा. पुढे त्याच भाषेवर स्मार्टीसारखी टेम्प्लेट इंजिनं (पानाच्या साच्यात, म्हणजे टेम्प्लेटमध्ये, डेटा भरून देणारी) चढली, म्हणजे टेम्प्लेटवर टेम्प्लेट. तेव्हा मला ती फार सुसंस्कृत वाटायची. आपला कोड किती गचाळ आहे याची लाज वाटायची, म्हणून मीही ती वापरली.

त्या गचाळ कोडचा एक गुण मात्र मला तेव्हा दिसला नाही. रिक्वेस्ट, म्हणजे ब्राउझरकडून पानाची मागणी, आली की पीएचपी कोरी पाटी घेऊन बसायचं. पान तयार करायचं, पाठवायचं आणि पाटी पुसून टाकायचं. पुढच्या रिक्वेस्टला आधीच्या रिक्वेस्टमधलं एकही व्हेरिएबल दिसत नसे. एका रिक्वेस्टने किती मेमरी घ्यावी यालाही मर्यादा असते. नेहमीच्या सेटिंगमध्ये १२८ एमबी. त्या मर्यादेत तुम्ही काय वाटेल तो गोंधळ घाला, शेवटी सगळं पुसलंच जाणार. याचा पुरावा हवा असेल तर एक जुनी गोष्ट पाहा. ‘अ’ ‘ब’ला धरून आहे आणि ‘ब’ ‘अ’ला, अशी गोल साखळी ओळखून सोडवणारा गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी आपोआप मोकळी करणारा) पीएचपीत आला तो ५.३ आवृत्तीत, २००९ साली. तोवर एवढी वर्षं अशा साखळ्या रिक्वेस्ट चालू असेपर्यंत नुसत्या पडून राहायच्या. जगभरातली असंख्य पानं तशीच चालली आणि बहुतेकांना पत्ताही लागला नाही, कारण साखळीचं आयुष्य पानाएवढंच होतं. पान गेलं, साखळी गेली.

मला वाटायचं, मी मेमरीच्या बाबतीत काळजी घेणारी प्रोग्रामर आहे. काळजी पीएचपी घेत होतं.

हे कळलं जावाच्या प्रकल्पावर गेल्यावर. जावात पानं लिहायची पद्धत म्हणजे जेएसपी. तिची फाइल दिसायला पीएचपीसारखीच, तेच एचटीएमएल, त्यात तसेच लूप. म्हणून मी निर्धास्त होते. पण जेएसपीच्या पानाला पहिली रिक्वेस्ट आली की कंटेनर, म्हणजे ही पानं चालवणारा सर्व्हर, त्याचं जावाच्या क्लासमध्ये रूपांतर करतो, तो क्लास कंपाइल करतो आणि मेमरीत ठेवून देतो. पुढच्या सगळ्या रिक्वेस्ट त्याच क्लासच्या अंगावरून जातात. म्हणून ते वेगवान. आणि म्हणूनच तिथे काही जमा झालं तर ते जमाच राहतं. जावा ८ येईपर्यंत, म्हणजे २०१४ पर्यंत, हे क्लास ज्या जागेत राहायचे तिला पर्मजेन म्हणत आणि तिला वेगळी मर्यादा असे. आम्ही दिवसातून दोनतीनदा नवी आवृत्ती डिप्लॉय करायचो, म्हणजे चालू सर्व्हरवर चढवायचो. जुनी जावी, नवी यावी, अशी अपेक्षा. पण कुठल्याशा थ्रेडच्या खिशात जुन्या आवृत्तीची एखादी वस्तू राहिलेली असायची. ती वस्तू तिच्या क्लासला धरून, क्लास त्याला मेमरीत आणणाऱ्या क्लासलोडरला धरून, आणि क्लासलोडर त्या आवृत्तीतल्या एकूण एक क्लासला. एका विसरलेल्या वस्तूमागे अख्खं ॲप्लिकेशन अडकून पडायचं. चारपाच डिप्लॉय झाले की ‘पर्मजेन स्पेस’ असं ओरडून सगळं आडवं. मग रीस्टार्ट. रीस्टार्टची सवय मला तिथेच लागली असणार.

त्याच प्रकल्पातला आणखी एक प्रसंग सांगते. मोठ्या अहवालांच्या मजकुरातून पहिली तीसेक अक्षरं कापून शीर्षक म्हणून कॅशमध्ये, म्हणजे हाताशी लागणाऱ्या साठ्यात, ठेवायची होती. शीर्षकं छोटी, कॅश छोटी, असा हिशेब. प्रत्यक्षात मेमरी फुगत चालली. कारण तेव्हाच्या जावात स्ट्रिंगचा, म्हणजे मजकुराचा, तुकडा (सबस्ट्रिंग) काढला की नवी अक्षरं तयार होत नसत. मूळ मजकुराच्याच ॲरेत ‘इथून इथपर्यंत’ अशी खूण केली जाई. तीस अक्षरांच्या शीर्षकाने काही एमबींचा अहवाल जिवंत ठेवला होता. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने कापलेल्या शीर्षकाची मुद्दाम नवी प्रत करणारी ओळ घातली आणि प्रश्न मिटला. काही महिन्यांनी दुसऱ्या कुणीतरी ‘ही प्रत कशाला? निरर्थक’ म्हणून ती ओळ काढली आणि प्रश्न परत आला. २०१२ मध्ये जावा ७च्या सहाव्या अपडेटमध्ये ही वागणूक बदलली, आणि ती ओळ खरोखरच निरर्थक झाली. गंमत म्हणजे क्रोम ब्राउझर आणि सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं नोड ज्या व्ही८ इंजिनावर चालतात, त्यात हीच युक्ती आजही आहे. मोठ्या स्ट्रिंगमधून तेरा किंवा अधिक अक्षरांचा तुकडा काढला की तो तुकडा मूळ स्ट्रिंगला धरून राहू शकतो. ज्यांना तयार पानातून सारांश कापून साठवायची सवय आहे, त्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

टेम्प्लेटवर वाद घालणाऱ्यांत मी बरीच वर्षं घालवली. टेम्प्लेटमध्ये तर्क असावा की नसावा, हा तो वाद. टेरेन्स पार यांनी २००४ मध्ये शोधनिबंध लिहून मॉडेल (डेटा आणि तर्क) आणि व्ह्यू (दिसणारं पान) यांची काटेकोर फारकत टेम्प्लेट इंजिनानेच सक्तीने करावी असं मांडलं. २००९ मध्ये मस्टॅश आलं, स्वतःला अभिमानाने तर्कविरहित म्हणवणारं. २०१३ मध्ये रिअ‍ॅक्टने एचटीएमएलसारखी दिसणारी जेएसएक्स ही वाक्यरचना थेट जावास्क्रिप्टच्या मधोमध आणून बसवली, तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली, मीही. इतक्या वर्षांनी पुन्हा पीएचपीच, असं काहीतरी बोलल्याचं आठवतं. दोन्ही बाजूंचे मुद्दे खरे होते, आणि सगळे वाचणाऱ्याच्या डोळ्यांविषयी होते. कोड कसा दिसतो. कुणी बदलायचा. डिझायनरला कळेल का. पानासाठी मेमरीत आणलेल्या वस्तू पान झाल्यावर घरी कधी जाणार, हा प्रश्न त्या चर्चांत मी तरी कुणाच्या तोंडून ऐकला नाही.

खरं तर तो प्रश्न टेम्प्लेटच्या पहिल्या ओळीपासून तिथेच असतो. तर्कविरहित टेम्प्लेट घेतलं की त्याला लागेल ते सगळं आधीच तयार करून द्यावं लागतं. आमच्याकडे काय व्हायचं, तर टेम्प्लेटला काय लागेल याची खात्री नसल्याने आम्ही ऑर्डरच्या वस्तूसोबत ग्राहक, ग्राहकाचे पत्ते, पत्त्यांचा इतिहास असं सगळं गाठोडं बांधून द्यायचो. पानावर छापायचं होतं नाव आणि रक्कम. याच्या उलट, टेम्प्लेटला मोकळीक दिली तर दुसरं संकट. टेम्प्लेटमध्ये कुणीतरी सहज ‘ऑर्डर डॉट ग्राहक डॉट नाव’ लिहितं. ओआरएम, म्हणजे डेटाबेसच्या नोंदी कोडमध्ये वस्तू म्हणून देणारी लायब्ररी, मागच्या मागे डेटाबेसकडे जाऊन ग्राहक घेऊन येते. शंभर ओळींच्या यादीत हे शंभरदा. हे चालावं म्हणून पान पूर्ण होईपर्यंत डेटाबेसचं सेशन उघडं ठेवायचा एक प्रघातच पडला होता, आणि सेशन उघडं आहे तोवर त्यातून आलेली प्रत्येक वस्तू सेशनच्या स्वतःच्या वहीत नोंदलेली राहते. दोन्हीपैकी कुठलंही चालतं. पण आपण कुठलं पत्करतोय ते ठाऊक असावं. आम्हाला ठाऊक नव्हतं.

आता पुन्हा क्रॉनच्या त्या ओळीकडे.

हा सर्व्हर नोडवर चालायचा. नोड म्हणजे एकच प्रोसेस, सगळ्या रिक्वेस्ट तिच्यातूनच, आणि ती मरेपर्यंत पाटी पुसली जात नाही. मेमरीचा आलेख करवतीच्या दातांसारखा दिसायचा, आणि त्यात गैर काही नाही. अशा गार्बेज कलेक्टरचा आलेख सहसा तसाच असतो. वस्तू तयार होतात तशी रेघ चढते, कलेक्टर फिरला की खाली येते. पाहायची असते ती दातांची खालची टोकं. आमची खालची टोकं दिवसभर हळूहळू वर सरकत होती. त्या काळच्या नोडमध्ये ६४ बिटांच्या यंत्रावर हीपची, म्हणजे वस्तू ठेवायच्या मेमरीची, मर्यादा दीड जीबीच्या आसपास असे. तिच्याजवळ पोचलं की कलेक्टर जीव तोडून वारंवार फिरू लागतो, पानं रेंगाळतात आणि शेवटी प्रोसेस पडते. आम्ही ती वेळ येण्याआधीच तीन दहाला पाडायचो.

त्या मुलाने विचारल्यावर तिसऱ्या दिवशी मी हीपचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणी मेमरीत काय काय आहे याची नोंद, घेतला. एक सकाळी, एक दुपारी, एक संध्याकाळी. एकटा स्नॅपशॉट म्हणजे लाखो वस्तूंचा ढीग, त्यात डोकं घालण्यात अर्थ नसतो. दोन स्नॅपशॉट शेजारी ठेवून मधल्या वेळात तयार होऊन टिकून काय राहिलं एवढंच बघायचं. बघितलं. ऑर्डर नव्हत्या, ग्राहक नव्हते, सेशन नव्हतं. फंक्शनं होती. हजारोंनी फंक्शनं, सगळी सारख्याच बांध्याची.

डेटा साठतो हे मनात होतं. कोड साठेल हे डोक्यातच आलं नव्हतं. मग प्रत्येक वस्तूखाली तिला कोण धरून आहे याची साखळी दिसते, ती वर वर चढत गेले. फंक्शनला धरून होता एक मॅप, म्हणजे किल्ली दिली की नोंद देणारा साठा. मॅपला धरून होतं एक मॉड्यूल. मॉड्यूलवर नाव माझं.

झालं होतं ते असं. टेम्प्लेट कंपाइल करायला वेळ लागतो, म्हणून एकदा कंपाइल करून तयार झालेलं फंक्शन मॅपमध्ये ठेवायचं आणि पुढच्या वेळी तेच वापरायचं, असा माझा शहाणपणा. मॅपची किल्ली म्हणजे टेम्प्लेटचा मजकूर. टेम्प्लेटं चाळीसच्या आसपास, म्हणजे मॅपमध्ये चाळीस नोंदी. हिशेब बरोबर होता, आणि कित्येक महिने बरोबरच राहिला. मग कधीतरी पानाच्या डोक्यावर ग्राहकाचं नाव आणि तारीख हवी झाली. ज्याने ते काम केलं त्याने घाईत नाव टेम्प्लेटला डेटा म्हणून न देता टेम्प्लेटच्या मजकुरातच जोडून टाकलं आणि मग कंपाइल केलं. पान अचूक दिसलं. चाचण्या हिरव्या झाल्या. आणि तेव्हापासून प्रत्येक ग्राहकाच्या प्रत्येक दिवसासाठी एक नवा मजकूर, एक नवी किल्ली, एक नवं फंक्शन. तो बदल तपासून मंजूर मीच केला होता.

दोष त्याचा की माझा, यावर मी पुरेसा विचार केला आहे. माझा जास्त. ज्या मॅपला काढायचं कसं हे माहीत नाही, त्याला कॅश म्हणायचं धाडस मी केलं होतं. कॅशला मर्यादा हवी, आणि मर्यादा भरली की सगळ्यात जुनं वापरलेलं बाहेर टाकायचा नियम हवा. २०१५ पासून जावास्क्रिप्टमध्ये किल्लीला जिवंत न ठेवणारा वीकमॅप आहे, पण तो इथे कामाचा नव्हता; त्याची किल्ली म्हणून स्ट्रिंग चालत नाही. साधी दोनशे नोंदींची हद्द घातली असती तर या चुकीचा उपद्रव थोडा जास्त सीपीयू वापरण्यापलीकडे गेला नसता.

याहून वाईट गोष्ट मला दोन दिवसांनी, दात घासताना सुचली. ग्राहकाचं नाव म्हणजे ग्राहकाने स्वतः टाइप केलेलं काहीही. ते टेम्प्लेटच्या मजकुरात जोडून कंपाइल करायचं म्हणजे ग्राहकाला आमच्या सर्व्हरवर कोड लिहायला देणं. सर्व्हरवरच्या टेम्प्लेटमध्ये असा शिरकाव करून काय काय करता येतं, ते २०१५ च्या ब्लॅक हॅट या संगणक-सुरक्षेच्या परिषदेत रीतसर दाखवलं गेलं होतं आणि मी ते वाचलंही होतं. तरी आमची मेमरी वाढते आहे याकडे मी कंटाळवाणी देखभाल म्हणून बघत राहिले. ज्या दारातून मेमरी गळत होती, त्याच दाराला कडी नव्हती. कुणी आत आलं नाही हे आमचं नशीब. लॉग तपासताना माझे हात थरथरत होते, हे कबूल करते.

ब्राउझरमधल्या टेम्प्लेटांविषयी थोडं. पान ब्राउझरात बनवायला लागलो तेव्हा सर्व्हरचा भार हलका झाला, असं सगळे म्हणाले, आणि ते खरंच होतं. भार नाहीसा झाला नव्हता, वापरणाऱ्याच्या यंत्रावर गेला होता. लिंकवर टिचकी मारली की पूर्वी अख्खं पान जायचं आणि त्याच्याबरोबर त्याचा सगळा पसाराही. इंटरनेट एक्स्प्लोरर ६ मध्ये तेही धड व्हायचं नाही. तिथे जावास्क्रिप्टच्या वस्तूंचा हिशेब एका पद्धतीने चालायचा आणि पानाच्या घटकांचा दुसऱ्या, संदर्भ मोजण्याच्या, म्हणजे वस्तूला किती जण धरून आहेत ते मोजायच्या पद्धतीने. दोन्हींना छेदणारी गोल साखळी कुणालाच दिसत नसे आणि ती पान सोडल्यावरही मागे राहायची. संदर्भमोजणीला गोल साखळी दिसत नाही, ही त्या पद्धतीच्या जन्मापासूनची, म्हणजे १९६० पासूनची उणीव. आजचे ब्राउझर ते नीट सांभाळतात. पण आज पानच बदलत नाही. एकाच पानात जावास्क्रिप्ट एकामागून एक पडदे बदलत राहते, आणि टॅब सकाळी उघडला की संध्याकाळपर्यंत तोच.

आमच्या एका पडद्यावर काम करणाऱ्या ताईंनी मला सांगितलं होतं, “दुपारनंतर हा जड होतो, मग मी बंद करून उघडते.” म्हणजे क्रॉनची ओळ त्या हाताने चालवत होत्या. शोधलं तर सापडलं असं की यादीतली निवडलेली ओळ लक्षात ठेवायला आम्ही तिचा एक कप्पा एका व्हेरिएबलमध्ये धरला होता. यादी नव्याने काढली की जुनी पानातून निघून जायची, पण कप्प्याला त्याची ओळ माहीत, ओळीला तिची यादी. एक कप्पा धरला की सुटलेली अख्खी यादी धरली जाते. शिवाय दर मिनिटाला ताजी माहिती आणणारा टायमर पडदा बदलला तरी चालूच. परत त्या पडद्यावर आलं की आणखी एक. दुपारपर्यंत पंधरावीस टायमर एकाच यादीसाठी धावत असायचे. स्नॅपशॉटमध्ये ‘डिटॅच्ड’, म्हणजे पानातून सुटलेले, असं लेबल लावलेले हे घटक शोधणं सोपं असतं. कुणीतरी शोधायला बसलं की.

हल्ली नव्या कामाला टेम्प्लेट निवडताना वाक्यरचना कशी आहे हे मी शेवटी बघते. आधी विचारते की हे पान किती वेळ उघडं राहणार. वाचून सोडून द्यायचं पान असेल तर सर्व्हरवरच बनवावं, साधं, ब्राउझरात काही उरू नये. दिवसभराचं काम असेल तर ब्राउझरात बनवावं, पण मग प्रत्येक घटक लावताना तो काढायचा कसा तेही त्याच वेळी लिहावं. नंतर लिहू म्हटलेलं कुणी लिहीत नाही. मधला रस्ताही आहे, सर्व्हरने एचटीएमएलचे तुकडे पाठवायचे आणि ब्राउझरने ते जागच्या जागी बसवायचे. तो मला आवडतो. वयाचा परिणाम असेल. मोठा अहवाल असेल तर तो एका स्ट्रिंगमध्ये पूर्ण जमवून मग पाठवण्यात काही राम नाही. साठ हजार ओळी, आणि त्या बरीच माणसं एकदम मागायला आली की संपलं. तुकड्या-तुकड्याने पाठवावा, आणि समोरचा सावकाश घेत असेल तर आपणही हात आखडावा. हे शेवटचं लोक विसरतात. सोडलेला मजकूर घ्यायला कुणी नसेल तर तो आपल्याच मेमरीत रांग लावून उभा राहतो.

आम्ही नाव पुन्हा डेटा म्हणून द्यायला लागलो, मॅपला हद्द घातली, आणि दोन आठवडे आलेखाची खालची टोकं एका रेषेत राहिलेली बघून क्रॉनची ती ओळ काढली. काढायला त्या मुलालाच सांगितलं. त्याने कमिटच्या संदेशात माझीच जुनी कॉमेंट उतरवली, ‘कारण सापडलं.’

नवव्या दिवशी पहाटे सर्व्हर पडला. मेमरीची रेघ सपाट होती. शेजारचा एक आलेख, उघड्या फाइलींचा, जो आम्ही कधी उघडूनही पाहिला नव्हता, नऊ दिवस अजिबात खाली न येता चढत गेला होता. तीन दहाचा रीस्टार्ट चार वर्षं तोही पुसत होता. मुलगा माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. ओळ परत घालू का, असं त्याला विचारायचं होतं हे दिसत होतं. मी त्याला खुर्ची ओढून दिली.